स्पीकर चालतो, तार चालत नाही

नाक्यावरच्या पोरानं माझी सॅक उघडली आणि एकेक वस्तू बाकड्यावर मांडायला लागला. तांदूळ, डाळ, कांदे, पातेलं, दोन घोंगड्या. तिथवर ठीक होतं. मग निघाली गोफण. तिच्यामागं नायलॉनच्या दोरीची फिरकी, शिशाचं वजन, वीस मीटर वायरचं भेंडोळं, यूपीएसमधली जुनी बॅटरी. शेवटी स्टीलचा चौकोनी डबा निघाला. त्याला मी भोकं पाडून दोन बटणं आणि माइकची पिन बसवलेली आहे.

"हे काय?"

"रेडिओ."

"गाणी लागत्यात?"

"गाणी नाही लागत. ह्याच्यावर बोलता येतं."

एवढं बोललो आणि फसलो. पोरानं डबा बाजूला ठेवला. मी परवाना काढून दिला. दूरसंचार खात्याचा, शिक्क्याचा. त्यानं तो वाचला, मागून पाहिला आणि म्हणाला, "काका, साहेबांना विचारावं लागंल." विचारायचं तर फोन हवा, आणि नाक्यावर रेंज नव्हती. बिचाऱ्यानं मोटारसायकल काढली आणि दोन किलोमीटर मागं, जिथं वळणावर दोन कांड्या येतात, तिथं गेला. रेडिओ आत न्यावा की नाही हे विचारायला.

अडीच तास आम्ही बाकड्यावर. मी आणि माझा पुतण्या. तेवढ्या वेळात तीन गाड्या आत गेल्या. एकीच्या मागच्या सीटवर धान्याच्या डब्याएवढा स्पीकर होता आणि तो नाक्यावर उभ्या गाडीतही वाजत होता. पावती फाटली, दांडी वर झाली, गाडी गेली. शेवटी साहेबांचा निरोप आला की लिहून घ्या आणि सोडा. काय लिहू? तर "आत गेल्यावर याच्यावरून कुणाशी बोलणार नाही." मी त्याखाली "गरज पडल्याशिवाय" एवढं जोडलं आणि सही केली. त्यानं ते वाचलं नाही.

कुठला नाका ते सांगत नाही. त्या पोराचा काही दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. पठाराचंही नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या शनिवारी तिथं शंभर तंबू लागतील. घाटमाथ्यावरचं आहे, एवढं पुरे.

आता हा नाद मला कुठून लागला ते सांगतो. अकोले तालुक्यात राजूरच्या बाजारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आता त्याचं मोबाईल रिपेअरिंग झालंय, पण फळ्यावर अजून जुनंच नाव आहे. दुरुस्तीला आलेल्या सेटवर शॉर्टवेव्हचा काटा फिरवताना एका जागी बदकं भांडल्यासारखा आवाज यायचा. पुष्कळ वर्षं मी तो सेटचा बिघाड समजत होतो. पुढं एका बँकेच्या साहेबांनी सांगितलं, ती माणसं आहेत, त्यांना हॅम म्हणतात, साध्या सेटवर त्यांचा आवाज असाच फाटका येतो. परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, मग आपणही बोलू शकतो. बारा वर्षांच्या पोरालाही ही परीक्षा देता येते. मोर्सचं कट्ट-कडकट्ट येत नसलं तरी खालच्या वर्गाचा परवाना मिळतो.

माझ्या वेळचा पेपर इंग्रजीत होता. मराठीत मला एक पुस्तक मिळालं नाही. रेझिस्टर, कपॅसिटर मी हातानं ओळखत होतो, पण त्यांच्यावरचा प्रश्न वाचायला डिक्शनरी लागायची. दुसऱ्या खेपेला पास झालो. मग चौकशीला पोलीस आले. आमच्या वस्तीवर पोलीस येतात ती एक तर भांडणानंतर, नाही तर कुणी विहिरीत सापडलं म्हणून. आईनं चुलीवरची भाकरी तशीच टाकली आणि दारात आली. "काय केलं माझ्या पोरानं?" हवालदार म्हणाले, "काय नाय मावशी, वायरलेस पाहिजे त्याला." त्यानंतर दोन वर्षं गावात माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं, ते मी इथं लिहीत नाही.

डब्यातला सेट हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या नकाशावरून बनवलेला. बिटएक्स म्हणतात त्याला. या माणसानं आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सुट्या भागांतून जुळेल असा सेट आखला आणि नकाशा जगाला फुकट वाटला. जगभर लोक तो जुळवतात. माझा सहा-सात वॅट टाकतो. तुमच्या स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब त्याहून जास्त खातो. केबल डिशची, इन्सुलेटर पीव्हीसी पाइपचे तुकडे. सगळ्यात महाग वस्तू माइक, आणि तोही जुना टॅक्सीवाल्याचा.

लोक मला हमखास विचारतात की डोंगर आडवा असताना आवाज जातो कसा. रास्त प्रश्न आहे. हल्ली ऑनलाइन मिळणारे चिनी वॉकीटॉकी घेऊन पोरं येतात, त्यांचा आवाज डोंगर आला की थांबतो, कारण त्या लहरी नजरेसारख्या सरळ जातात. (आणि त्यातले कितीतरी हँडसेट असे असतात की परवान्याशिवाय बाळगणंही बेकायदा, हे विकणारा सांगत नाही.) चाळीस मीटरच्या बँडचं, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचं, तसं नाही. दोन्हीकडं दहा-दहा मीटर वायर, मधला खांदा पंधरा फुटांवर, टोकं खाली उतरती. एवढी बुटकी तार लावली की लहरी सरळ वर जातात. शेतात तुषारचा पाइप सरळ आभाळाकडं धरून बघा. पाणी वर जातं आणि चहूकडं अंगणभर पडतं. तसंच इथं. आभाळातल्या थरावर आपटून आवाज तीनशे-चारशे किलोमीटरच्या टापूत खाली येतो. दरी कितीही खोल असो, डोक्यावर आभाळ असतंच.

तार झाडावर चढवायला गोफण. शिशाला दोरी बांधायची, फांदीवरून भिरकावायची, दोरीनं तार ओढून घ्यायची. शहरातले दोस्त यासाठी फायबरचे खांब आणतात. माझी गोफण माळ्यावर पाखरं हाकण्यातली, तिचा नेम चुकत नाही. एकदा मात्र फांदी नीट न बघता भिरकावली आणि वरती आग्या मोहोळ होतं. वजन हातभर लांबून गेलं म्हणून आज हे लिहितोय.

आता त्या रात्रीबद्दल.

नाक्यावरच्या अडीच तासांनी आमची संध्याकाळ खाल्ली. पठारावर पोचलो तेव्हा अंधार पडलेला. तार चढवेपर्यंत आठ वाजले. हा बँड दिवसा जवळचं ऐकवतो. रात्री आभाळातला तो थर विरळ होतो आणि जवळचा आवाज परत खाली येतच नाही, पार निघून जातो. लांबचे देश ऐकू येतात, आपला जिल्हा येत नाही. ३.५ मेगाहर्ट्झचा बँड रात्री जवळचं काम करतो, पण माझा सेट एकाच बँडचा. उजेडी पोचलो असतो तर बेळगाव-सोलापूरकडच्या कुणाला तरी सांगून ठेवता आलं असतं की आम्ही दोघं अमुक ठिकाणी आहोत, सकाळी कान ठेवा. तेही झालं नाही.

साडेनऊला आमच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या तंबूंतून ओरडा ऐकू आला. नऊ पोरं-पोरी होती शहरातली. एक जण पाणी आणायला टाक्याकडं गेलेला, घळीत घसरला. गुडघ्याच्या खाली पाय असा वळलेला की बॅटरीच्या उजेडात मला पाहवेना. त्यांचा म्होरक्या भला पोरगा होता, घाबरला होता तरी डोकं ठिकाणावर होतं. त्याच्याकडं दोन वॉकीटॉकी होते. दोन्ही चार्ज केलेले, दोन्ही एकाच तंबूत.

"काका, तुमच्या रेडिओवरून पोलिसांना लावा ना."

मी बसलो. हाक मारली, परत मारली. कानात कुठली तरी पूर्वेकडची भाषा, दोन माणसं निवांत हसत बोलत होती. हजारो किलोमीटरवरून हसणं स्पष्ट येत होतं. आपल्याकडचं कुणी नाही. नऊ जण माझ्या पाठीमागं उभे, आणि मी डब्यात तोंड घालून स्वतःचा नंबर म्हणत होतो. एवढी लाज मला परीक्षेत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

पुतण्या म्हणाला, "तात्या, मी निघतो." दहा वाजता निघाला. त्या पठाराच्या कड्यावर उभं राहिलं की पायथ्याचं गाव दिसतं. दिवे दिसत होते. मोजता येतील एवढे, अकरा की बारा. सरळ रेषेत चारेक किलोमीटर असेल, आणि वाटेनं तीन तास. माझ्या सॅकच्या कप्प्यात छोटा हँडसेट होता. पाच वॅटचा, त्या चिनी सेटांसारखाच नजरेच्या रेषेतला. इथं तर रेषा मोकळी होती, मध्ये एक झाडही नव्हतं. त्या बारा दिव्यांपैकी एका घरात तसलाच दुसरा हँडसेट आणि परवाना असलेला एक माणूस असता, तर एक मिनिट लागलं असतं. माझं सगळं भांडण त्या एका माणसासाठी आहे.

पुतण्या एकच्या सुमारास गावात पोचला. त्या गावातही फोन लागत नाही. पाच गडी उठले, बांबू आणि घोंगडी घेतली आणि त्याच्याबरोबर रात्रीच वर आले. गावातली एकुलती जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली. झुंजुमुंजू झाल्यावर झोळी निघाली. मी तार उतरवली नव्हती. सात वाजून दहा मिनिटांनी, सकाळी मंडळी जमतात त्या जागेवर हाक मारली आणि पहिल्या हाकेला उत्तर आलं. बेळगावकडचे एक आजोबा. मराठीत म्हणाले, "सावकाश सांगा, मी लिहून घेतो." राजूरच्या माझ्या जीपवाल्याचा नंबर सांगितला, पायथ्याच्या गावाचं नाव सांगितलं, पाय मोडल्याचं सांगितलं. दहा मिनिटांत ते परत आले. "जीप निघाली. दवाखान्यातही कळवलंय. आणखी काही?" पाणी आलं डोळ्यांत माझ्या.

झोळी साडेदहाला खाली पोचली तेव्हा जीप उभी होती. पोरगा आता चालतो.

रेडिओनं त्याचा जीव वाचवला असं मी म्हणणार नाही. त्याला माझ्या पुतण्याच्या पायांनी आणि पाच माणसांच्या खांद्यांनी खाली आणलं. रेडिओनं जीप आणली, एवढंच. पण रात्रभर तो पोरगा विव्हळत होता आणि समोर दिवे दिसत होते, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

"आता मोबाईल आहे, ही जुनी खेळणी कशाला?" असं म्हणणाऱ्यांना मी एक तारीख सांगतो. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण पहाटेच्या दरडीखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या ड्रायव्हरकडून. तो नेहमीच्या फेरीला आला आणि त्याला गाव दिसेना. जग मंगळावर यान पाठवत होतं आणि एक गाव नाहीसं झाल्याची बातमी एसटीनं आली. हॅमचा सेट असता तर दरड थांबली नसती. कबूल. पण पावसाळ्यात आमच्याकडं आधी लाइट जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, मग मोबाईल म्हणजे नुसती बॅटरी होते, उजेड पाडायची. हे चार महिने कुणाचे? सहलीला येणाऱ्यांचे की राहणाऱ्यांचे?

कुणी म्हणतं उपग्रहाचा फोन घ्या. घ्या की! आपल्या देशात तो सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. परवानगी मिळाली तरी खर्च आमच्या ग्रामपंचायतीला झेपणारा नाही.

आणि आमचे शहरातले हॅम बंधू. त्यांच्याशी भांडण करताना जीभ जड होते, कारण मला यातलं सगळं त्यांनीच शिकवलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे साथी हौसेखातर परवानगी काढून अंदमानात रेडिओ घेऊन बसले होते. बाकी तारा तुटल्या आणि त्यांच्या सेटवरून माणसांची ख्यालीखुशाली देशात पोचायला लागली. हौसेतून असं मोठं काम उभं राहतं, हे मी नाकारत नाही. पण बाबांनो, तुम्ही आमच्या डोंगरावर येता, खुर्च्या, टेबल, जनरेटर मांडता, दिवसभरात किती स्टेशनं मिळाली ते मोजता आणि संध्याकाळी ज्ञान गाडीत घालून परत नेता. मी एकदा म्हटलं, दुपारचे दोन तास आश्रमशाळेत येऊन पोरांना दाखवा. त्यातला एक म्हणाला, "त्यांना इंग्रजी झेपेल का?" आमच्या पोरांना आभाळ बघून पाऊस कळतो, वाऱ्यावरून वणव्याची दिशा कळते. तारेची लांबी काढायला १४३ ला ७.१ नं भागायचं असतं. ते मराठीत भागलं तरी उत्तर वीस मीटरच येतं.

गावठी माणसाच्या हातात वायरलेस दिलं तर गैरवापर होईल, हेही ऐकलंय. उघड कुणी म्हणत नाही, पण नाक्यावरच्या बाकड्याचा अर्थ तोच. हा संशय आपला नाही, साहेबाचा आहे. तारायंत्राचा कायदा १८८५ चा, बिनतारी यंत्राचा १९३३ चा. १९३९ ला महायुद्ध लागलं आणि त्यानं हौशी लोकांचे परवाने काढून घेतले. त्याचं भय खरंही होतं. १९४२ ला मुंबईत उषा मेहतांनी काँग्रेस रेडिओ चालवला तेव्हा यंत्र जुळवणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हे हॅम होते. राज्य परक्यांचं होतं, तेव्हा प्रजेच्या हातातली तार त्यांना डाचणारच. आता कुणाला डाचते? राजीव गांधी स्वतः हॅम होते. पंतप्रधानाच्या घरात चालणारी वस्तू पोलीसपाटलाच्या घरात चालत नाही, हे मला समजावून सांगा. चौकशी करा, जरूर करा, पण ती महिन्यात संपवा. पेपर मराठीत काढा, परीक्षा तालुक्याला घ्या. घाटमाथ्याच्या दर गावातून एक जण तयार करा, मग तो गुराखी असेल, अंगणवाडीची बाई असेल, किंवा नाक्यावरचा तो पोरगा असेल. त्याला तर आधी शिकवा.

जंगलाची शांतता मोडते, असंही एका निसर्गप्रेमी बाईंनी मला सुनावलं. बाई, मी हेडफोन लावतो. सकाळी तार उतरवली की झाडावर दोरीचा धागा राहत नाही. तुमच्या शेजारच्या तंबूत काय वाजत होतं ते तुम्ही मला विचारलंत, त्यांना नाही.

पुतण्यानं त्या हिवाळ्यानंतर अभ्यास धरला. दुकानाच्या मागच्या खोलीत रात्री बसायचा. मी मराठीत सांगायचो, तो इंग्रजीत लिहून काढायचा. पहिल्या फटक्यात पास झाला, माझ्यासारखं नाही. परीक्षेला अकरा महिने होऊन गेले. पोलीसपाटलाकडं विचारणा झाली, हवालदार येऊन गेले, आईच्या जागी या वेळी वहिनी दारात होती. परवाना अजून आलेला नाही. त्याची सासुरवाडी त्या पायथ्याच्या गावातच ठरतेय, हा योगायोग म्हणा. त्याच्यासाठी घेतलेला हँडसेट मी चार्ज करून दुकानाच्या कपाटात ठेवलाय, कुलूप लावून, किल्ली माझ्याकडं. येत्या पौर्णिमेला आम्ही परत पठारावर चाललोय. डबा नेणार, गोफण नेणार, हँडसेट एकच नेणार. नाक्यावर सकाळी सातलाच जाऊन बसायचं ठरवलंय.